वर्गणीचा हिशेब आणि माहितीची ठेव

(स्वयंसेवी क्रीडा मंडळांतील बालखेळाडूंच्या वैयक्तिक माहितीचे संरक्षण या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील क्रीडा मंडळे व व्यायामशाळा यांची परंपरा शतकाहून जुनी आहे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला व खो-खोच्या खेळाला लेखी नियमांची शिस्त लावण्यात त्याने पुढाकार घेतला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाची व शारीरिक शिक्षणाची परंपरा विदर्भात रुजविली. मुंबईत दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांबाचा प्रसार केला. या नामवंत संस्थांच्या बरोबरीने गावोगावी कबड्डीची मंडळे, कुस्तीच्या तालमी व खो-खोचे संघ उभे राहिले. त्यांतील बहुतेकांजवळ पगारी नोकरवर्ग नाही. दिवसभर शाळेत, शेतात वा कारखान्यात राबून सायंकाळी मैदानावर हजर होणारा कार्यकर्ता हाच त्यांचा आधारस्तंभ होय. मैदान आखणे, मुलांना सरावाला बसविणे, परगावच्या स्पर्धांना त्यांना नेणे व प्रसंगी पदरमोड करून त्यांच्या जेवणाची सोय पाहणे ही सर्व कामे तो विनामोबदला करीत असतो.

या निरपेक्ष सेवेविषयी समाजात आदर आहे व तो यथार्थ आहे. तथापि, सेवाभाव असला की जबाबदारी आपोआप पार पडते असे नाही. पैशाच्या बाबतीत ही गोष्ट मंडळांनी फार पूर्वीच ओळखली. वर्गणी घेतली की पावती द्यावयाची, पावतीपुस्तकाची स्थळप्रत जपावयाची, वर्षअखेर जमाखर्च सभेपुढे ठेवावयाचा, नोंदणीकृत न्यास असल्यास लेखापरीक्षण करून तो धर्मादाय कार्यालयास सादर करावयाचा, ही शिस्त लहानशा मंडळाच्या खजिनदारालाही ठाऊक असते. अकरा रुपयांची वर्गणी कोठे खर्च झाली, हे विचारण्याचा अधिकार कोणाही सभासदाला असतो.

हिशेब नसलेली ठेव

परंतु याच मंडळांकडे पालक आणखी एक ठेव विश्वासाने सोपवीत असतात. मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, शाळा व इयत्ता, पालकांचा मोबाइल क्रमांक, छायाचित्र, आधारपत्राची व शाळेच्या दाखल्याची प्रत, रक्तगट, वजन, पूर्वीचे आजार, इतका सारा तपशील प्रवेश-अर्जाच्या एका कागदावर किंवा त्याला जोडलेल्या प्रतींमध्ये असतो. या ठेवीची पावती कोणी देत नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे, कोणाकोणास दाखविली गेली आणि काम संपल्यावर तिचे काय झाले, याचा ताळेबंद कोणत्याही वार्षिक सभेपुढे येत नाही.

पैशाची ठेव बुडाली तर ती भरून काढता येते. बालकाची माहिती एकदा अस्थानी पोहोचली की ती परत घेता येत नाही. शिवाय वर्गणी देणारा सभासद जाणता असतो; माहिती ज्याची असते ते मूल मात्र दहा-बारा वर्षांचे असते. आपल्याविषयी काय लिहिले गेले व ते कोणी वाचले, हे विचारण्याचे त्याचे वय नसते. म्हणूनच या ठेवीचा सांभाळ पैशाच्या ठेवीपेक्षा अधिक दक्षतेने होणे अगत्याचे आहे.

एका अर्जाचा प्रवास

एखाद्या तालुक्याच्या गावी चौदा वर्षांखालील मुलामुलींची कबड्डी स्पर्धा भरणार आहे, असे समजावे. मंडळाकडे पंचवीस-तीस अर्ज जमा होतात. पूर्वी ते मंडळाच्या दप्तरात, कपाटात राहत. आज प्रत्येक अर्जाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले जाते. ते प्रशिक्षकाकडून कार्यवाहाकडे, कार्यवाहाकडून आयोजकांकडे जाते. वेळ कमी असल्याने सर्व अर्ज एकत्रच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले जातात. त्या गटात पालक असतात, माजी खेळाडू असतात, वर्गणीदार असतात आणि कोणी केव्हा समाविष्ट केले हे कोणालाच आठवत नाही अशाही व्यक्ती असतात. प्रती काढण्यासाठी अर्ज झेरॉक्सच्या दुकानात जातात व त्यांची छायाचित्रे दुकानदाराच्या संगणकावर राहून जातात. ज्या कागदाची एक प्रत होती, तिच्या आठवडाभरात पन्नास प्रती झालेल्या असतात. स्पर्धा आटोपल्यावर मूळ गठ्ठा कपाटावर धूळ खात पडतो व एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातो. ज्या कागदावर मुलीचे छायाचित्र व वडिलांचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यात उद्या कोणी भेळ बांधून देईल.

या साखळीतील कोणाचाही हेतू वाईट नसतो. सर्वांना स्पर्धा वेळेवर पार पडावी, एवढेच हवे असते. मात्र वाईट हेतूच्या माणसाला या साखळीतील एकच सैल कडी पुरते. मुलीचे नाव, शाळा, वडिलांचे नाव व सरावाची वेळ ज्याला कळली, तो परका माणूस तिला वाटेत नावाने हाक मारू शकतो, वडिलांनीच पाठविले असल्याची बतावणी करू शकतो. मुलाला मैदानावर दुखापत झाली आहे, तातडीने पैसे पाठवा, असा खोटा निरोप देणाऱ्याचे काम पालकाचा क्रमांक व मुलाचे नाव हाती असले की सोपे होते. आईवडिलांमधील वाद न्यायालयात असेल, तर मूल कोणत्या गावी, कोणाकडे राहते ही साधी वाटणारी गोष्टही त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरते.

वयाचा पुरावा : पाहावा व परत करावा

मंडळांना कागदपत्रे मागावी लागतात, हे मान्य केले पाहिजे. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. वय चोरून खेळविण्याचा दोष क्रीडाक्षेत्रात जुना असून, त्याला आळा घालण्यासाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० साली राष्ट्रीय संहिता तयार केली. वयाची पडताळणी न केल्यास खऱ्या वयाच्या खेळाडूवरच अन्याय होतो. तेव्हा पुरावा पाहणे आवश्यक आहे. तो साठविणे आवश्यक आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

आधारपत्राची प्रत मागण्याची सवय सर्वत्र पडली आहे. वस्तुतः आधारपत्र हे ओळखीचे साधन आहे, जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात मृताचे वय ठरविताना आधारपत्राऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील वयनिश्चितीच्या तरतुदीतही शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला आणि तो नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीने दिलेला जन्मदाखला असा क्रम सांगितला आहे. म्हणजे ज्या कारणासाठी आधारची प्रत गोळा केली जाते, ते कारण तिच्याने पुरतेपणी साधत नाही. मुलाचा बारा अंकी क्रमांक मात्र गावभर फिरतो. ओळखीसाठी आधार दाखविणे भागच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दिसतील असे आच्छादित आधारपत्र उपलब्ध आहे, ते वापरावे.

शाळा सोडल्याच्या दाखल्याविषयीही एक विचार करावयास हवा. या दाखल्यावर जन्मतारखेबरोबर धर्म व जात यांचीही नोंद असते. वय पाहण्यासाठी घेतलेल्या दाखल्याची प्रत संघाच्या फाइलमध्ये लागली की खेळाडूची जातही त्या फाइलमध्ये लागते. मैदानावर जात विचारली जाऊ नये, हा ज्या चळवळीचा अभिमान, तिच्याच दप्तरात ती विनाकारण जमा होत राहावी, हे उचित नाही. जन्मदाखला पाहून तो पालकाच्या हाती परत करावा व नोंदवहीत "जन्मदाखला पाहिला, जन्मतारीख अमुक" असे लिहून तपासणाऱ्याने दिनांकासह सही करावी. वरिष्ठ संघटनेला प्रत आवश्यकच असेल तर एकच प्रत काढावी, तिच्यावर कोणत्या स्पर्धेसाठी दिली ते आडवे लिहावे आणि ती थेट संबंधित अधिकाऱ्याकडे पोहोचवावी. शाळेने वयाबाबत केवळ नाव, इयत्ता व जन्मतारीख असलेले प्रमाणपत्र दिले, तर हा प्रश्न मुळातच सुटतो. शिक्षकबंधूंना या बाबतीत मोठा वाटा उचलता येईल.

आजाराची नोंद

सर्वांत नाजूक भाग प्रकृतीच्या माहितीचा आहे. येथे माहिती न मागणे हाच दोष ठरू शकतो. एखाद्या मुलाला दमा आहे, एखाद्या मुलीला फेफरे येते, एखाद्याला विशिष्ट औषधाची प्रतिक्रिया येते, हे प्रशिक्षकाला ठाऊक नसेल तर मैदानावर प्राणावर बेतू शकते.

विदर्भातील व नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. या विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले व त्यात मोठ्या प्रमाणावर रक्ततपासणी हाती घेण्यात आली. सिकलसेलग्रस्त मुलाला उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे यांपासून जपावे लागते. सरावात पाणी केव्हा द्यावे, विश्रांती केव्हा द्यावी, त्रासाची लक्षणे कोणती, हे प्रशिक्षकाला माहीत असलेच पाहिजे. परंतु तीच नोंद संघाच्या यादीत नावापुढे लिहिली गेली आणि ती यादी फलकावर लागली, तर परिणाम काय होतो, हे त्या भागातील शिक्षकांना सांगावयास नको. सोयरीक जुळविताना तिचा उल्लेख होतो. ज्या मुलीला रोग नसून केवळ वाहकत्व आहे, तिच्याही माथी शिक्का बसतो. मग पुढच्या वर्षी दुसरे पालक खरी माहिती देण्याचे टाळतात व ते मूल धोक्याच्या छायेत खेळत राहते. माहितीची बेफिकिरी अशा रीतीने आरोग्याच्याच मुळावर येते. पालकांना भरवसा वाटला तरच ते खरे सांगतात, म्हणून गुप्तता हीदेखील सुरक्षिततेची एक अट होय.

यासाठी साधी रीत अशी की, प्रकृतीची माहिती सर्वसाधारण अर्जावर मागू नये. ती स्वतंत्र बंद पाकिटात घ्यावी. प्रशिक्षक व परगावी संघाबरोबर जाणारा व्यवस्थापक, एवढ्याच व्यक्तींनी ती पाहावी. दौरा संपला की पाकीट पालकास परत करावे. वजनाच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. कुस्तीत व कबड्डीच्या किशोर-कुमार गटांत वजनाची अट असते, म्हणून वजन घ्यावेच लागते. पण ते सर्वांसमोर पुकारण्याची आणि मुलींच्या वजनांची यादी भिंतीवर लावण्याची गरज नाही. "पात्र" एवढा एक शब्द पुरेसा आहे.

यादी, छायाचित्र आणि फ्लेक्स

यश मिळविलेल्या मुलाचे कौतुक व्हावयास हवे. वृत्तपत्रात नाव यावे, स्मरणिकेत छायाचित्र छापले जावे, ही त्याची व पालकांची स्वाभाविक इच्छा असते. तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र कौतुकासाठी नाव, खेळ व मिळविलेले यश एवढे पुरते. त्यासोबत घरचा पत्ता, जन्मतारीख, शाळेची वेळ वा दूरध्वनी क्रमांक यांची जोड देण्याचे प्रयोजन नाही. सांघिक छायाचित्राखाली नावे दिली नाहीत तरी कौतुकात उणे येत नाही. चौकातील फ्लेक्सवर छायाचित्र लावण्यापूर्वी पालकाला विचारले पाहिजे आणि मुलाच्या मनात काय आहे, याचीही विचारपूस केली पाहिजे. पालकाने नकार दिला म्हणून मुलाला संघातून वगळणे सर्वथा गैर होय.

दुसरी बाब पुरस्कर्त्यांची. गणवेश व करंडक देणारा व्यापारी किंवा खासगी शिकवणी वर्ग त्या मोबदल्यात खेळाडूंच्या पालकांची यादी मागतो आणि मंडळालाही त्यात फारसे वावगे वाटत नाही. महिनाभरातच पालकांचे दूरध्वनी खणखणू लागतात. पालकांनी क्रमांक दिला होता तो मूल पडले-झडले तर कळविण्यासाठी. त्याचा सौदा करण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिला? वीस गणवेशांच्या बदल्यात वीस कुटुंबांचा विश्वास देऊन टाकणे, हा तोट्याचा व्यवहार आहे.

मुलामुलींचे स्वतःचे मोबाइल क्रमांक गटावर घेण्याची प्रथाही बंद व्हावी. गटातील प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो, हे लक्षात ठेवावे. सरावाची सूचना पालकांच्या क्रमांकावर जावी. ज्या गटावर केवळ व्यवस्थापकच संदेश पाठवू शकतात, असा गट सूचनांपुरता ठेवावा व त्यावर अर्ज, दाखले किंवा आजाराची माहिती कधीही टाकू नये. प्रशिक्षकाने बालखेळाडूशी एकांतात खासगी संदेशांची देवघेव करू नये, हा नियम प्रशिक्षकाच्याही हिताचा आहे.

कायद्याची चौकट

या साऱ्या गोष्टी केवळ सदिच्छेवर सोडलेल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या अनुच्छेदात बालकाच्या खासगी जीवनाला संरक्षण दिले आहे व भारताने १९९२ साली ही संहिता मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालपत्रात न्या. संजय किशन कौल यांनी बालकांच्या खासगीपणाचा आवर्जून विचार केला आहे.

त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला व ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी त्यांत अठरा महिन्यांचा अवधी दिला असून तो मे २०२७ मध्ये पूर्ण होतो. हा अवधी तयारीसाठी आहे, विसरण्यासाठी नव्हे.

हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, गावच्या मंडळाचा त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत होणे शक्य आहे. ती बरोबर नाही. अधिनियमातील "व्यक्ती" या शब्दात नोंदणी झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तिसमूहांचा समावेश होतो. अधिनियम डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू आहे, तसाच तो कागदावर घेऊन पुढे डिजिटल केलेल्या माहितीलाही लागू आहे. कागदी अर्जाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले की तो अर्ज या कक्षेत येतो. घरगुती व खासगी कारणासाठी एखाद्या व्यक्तीने ठेवलेल्या माहितीला सूट आहे. मंडळाचे काम घरगुती नव्हे.

या अधिनियमान्वये अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक समजली जाते. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते. म्हणजे संमती देणारी व्यक्ती सज्ञान असून तिची ओळख पटते, याची खात्री करून घ्यावी लागते. कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते आणि ही सूचना इंग्रजीबरोबरच संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, मिळण्याची सोय ठेवावी लागते. दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार पालकाला आहे. बालकाच्या हिताला बाध आणील असा माहितीचा वापर, त्याच्या वर्तनावर पाळत आणि त्याला उद्देशून केलेल्या जाहिराती यांस मनाई आहे. आरोग्य संस्था, शिक्षण संस्था, पाळणाघरे इत्यादींना ठरावीक प्रयोजनांपुरत्या काही सवलती नियमांत दिल्या आहेत; त्या यादीत क्रीडा मंडळांचा स्वतंत्र उल्लेख नाही. माहितीची गळती झाल्यास ती संबंधितांना व माहिती संरक्षण मंडळाला कळविणे बंधनकारक आहे. बालकांविषयीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास दंडाची कमाल मर्यादा दोनशे कोटी रुपये आहे. दंड ठरविताना भंगाचे स्वरूप, गांभीर्य व दंडाचा होणारा परिणाम यांचा विचार केला जातो, त्यामुळे लहान मंडळांनी या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु कायदा या प्रश्नाकडे किती गंभीरपणे पाहतो, हे त्यावरून कळून येईल.

काय जपावे, काय नष्ट करावे

माहिती जपण्याच्या उत्साहात सर्वच कागद जाळून टाकणे, हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद ठरेल. राज्यात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे व दहावी-बारावीच्या परीक्षांत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. या लाभांसाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि ती स्पर्धेनंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकते. स्पर्धेचे मूळ दप्तर नसेल तर खऱ्या खेळाडूचे नुकसान होते व बोगस प्रमाणपत्रवाल्याचे फावते.

म्हणून दप्तराचे दोन भाग करावेत. स्पर्धेचे नाव, दिनांक, स्थळ, वयोगट, संघातील खेळाडूंची नावे, गुणपत्रक, निकाल व पंचांच्या सह्या हा कायम दप्तराचा भाग होय. तो पिढ्यान्‌पिढ्या जपावा. दाखल्यांच्या प्रती, आधारच्या प्रती, प्रकृतीची माहिती, पत्ते व दूरध्वनी क्रमांक हा तात्पुरत्या दप्तराचा भाग होय. हंगाम संपला, हरकतींची मुदत उलटली, की तो फाडून नष्ट करावा, मोबाइलमधील छायाचित्रे पुसून टाकावीत आणि तसे केल्याची नोंद कार्यवृत्तात घ्यावी. मंडळ सोडून जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या मोबाइलमधील व संगणकातील माहितीही त्याच वेळी काढून घ्यावी. किल्ली परत घेतल्याशिवाय कोणी कार्यवाहाला निरोप देत नाही. यादीचेही तसेच समजावे.

गुप्तता म्हणजे मौन नव्हे

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अत्यावश्यक आहे. बालकाची माहिती गुप्त ठेवावयाची, याचा अर्थ बालकावरील अत्याचारही झाकून ठेवावयाचा, असा कोणी घेऊ नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध घडल्याचे वा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. मंडळाची अब्रू, प्रशिक्षकाची पूर्वपुण्याई किंवा गावातील सलोखा ही कारणे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. त्याच वेळी पीडित बालकाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई केली आहे. अशी गोष्ट कळली की ती कार्यकारिणीच्या भरसभेत चर्चेला घेऊ नये, गटावर तर मुळीच टाकू नये. ज्याला सांगणे कायद्याने आवश्यक आहे त्याला तत्काळ सांगावे व इतरत्र वाच्यता करू नये. मदतीसाठी १०९८ हा बाल साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे व तो प्रत्येक मैदानाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. मंडळाच्या फलकावर मुलांची माहिती लावण्यापेक्षा मुलांना उपयोगी पडणारी माहिती लावणे अधिक श्रेयस्कर होय.

पंचायत, शाळा व प्रशासन यांचा वाटा

स्वयंसेवी कार्यकर्त्यांवर नियमांचे ओझे लादून हे काम साधणार नाही. आधीच सायंकाळचे दोन तास काढताना त्यांची ओढाताण होते. त्यांना सोप्या रीती व तयार नमुने मिळाले पाहिजेत. एका पानाचा मराठी प्रवेश-अर्ज, अर्ध्या पानाचे संमतीपत्र आणि वयाच्या पडताळणीची नोंदवही एवढे साहित्य तालुका व जिल्हा क्रीडा कार्यालयांनी उपलब्ध करून दिले, तर बहुतेक मंडळे ते आनंदाने वापरतील. स्पर्धेच्या परिपत्रकात कागदपत्रांची यादी देताना प्रत्येक कागद खरोखरच लागतो का, याचा विचार अधिकाऱ्यांनी करावा. वरून पाच प्रती मागितल्या गेल्या की खालच्या मंडळाला त्या काढाव्याच लागतात. माहिती कमी मागण्याची सुरुवात वरूनच झाली पाहिजे.

अनेक गावांत व्यायामशाळेची इमारत किंवा मैदान ग्रामपंचायतीचे असते. ते मंडळाच्या स्वाधीन करताना स्वच्छता, वीजबिल व डागडुजी यांच्या अटी घातल्या जातात. त्यांतच बालकांच्या माहितीच्या जपणुकीची एक अट घालता येईल. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने वर्षातून एकदा मंडळाच्या कार्यवाहाला बोलावून चार प्रश्न विचारावेत : मुलांची कोणती माहिती घेतली जाते, ती कोणाच्या ताब्यात असते, कोणाकोणाला दिली जाते आणि केव्हा नष्ट केली जाते. या चार प्रश्नांची उत्तरे ज्या मंडळाकडे तयार असतील, त्या मंडळाने आपले निम्मे कर्तव्य पार पाडले असे समजण्यास हरकत नाही.

मंडळांनी स्वतःपुरता निश्चय करावयाचा झाल्यास तो पाच कलमांत मांडता येईल :

(१) खेळासाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी व ती का घेतली हे पालकाला मराठीत लिहून द्यावे.

(२) पालकाने समक्ष सही केल्याखेरीज मुलाचा अर्ज स्वीकारू नये.

(३) माहितीचा सांभाळ करणारी एकच जबाबदार व्यक्ती ठरावाने नेमावी व कपाटाची किल्ली तिच्याकडे असावी.

(४) पुरस्कर्ता, शिकवणी वर्ग वा राजकीय कार्यकर्ता यांपैकी कोणासही मुलांची यादी देऊ नये.

(५) हंगामाअखेर तात्पुरते दप्तर नष्ट करून त्याचा अहवाल वार्षिक सभेपुढे, जमाखर्चाच्या शेजारीच, ठेवावा.

या पाचही कलमांना निधी लागत नाही, नवीन पद निर्माण करावे लागत नाही. लागते ती सवय. पावतीपुस्तकाची सवयही एके काळी नवीनच होती. आज तिच्यावाचून कोणी वर्गणी मागावयास निघत नाही.

महाराष्ट्रातील पालक अंधार पडेपर्यंत आपली मुले, आणि आता मोठ्या संख्येने आपल्या मुलीही, मंडळाच्या मैदानावर निश्चिंतपणे सोडतात. ही निश्चिंतता त्या मंडळांनी दोन-तीन पिढ्यांच्या सचोटीने मिळविलेली आहे. एखाद्या मुलीची माहिती अस्थानी गेल्यामुळे तिला त्रास झाला, तर त्या एकाच मुलीचा खेळ थांबत नाही. गावातील दहा घरे आपल्या मुलींना दुसऱ्या दिवशीपासून घरी बसवितात व त्यांचे मैदान कायमचे सुटते. वर्गणीच्या हिशेबाइतकाच चोख हिशेब या ठेवीचा ठेवला गेला, तर पालकांचा विश्वास टिकेल आणि मुलेमुली निर्भयपणे खेळत राहतील.